काचेवरचा अंगठा

सकाळचे सहा वाजून पस्तीस मिनिटं. पहिली शिफ्ट सातची. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका प्रेस शॉपमध्ये अजून अर्धेच दिवे लागले आहेत आणि सयाजी येळवंडे क्रेनचा रिकामा हुक वर घेत आहेत, खाली सोडत आहेत, पुन्हा वर घेत आहेत. हुकाला काहीच टांगलेलं नाही. येळवंडेंच्या पोटाशी रबरी कव्हरातला एक टॅबलेट आहे. त्याच्या काचेवर बटणं आहेत. बटण दाबलं की छताखालच्या गर्डरवरची क्रेन ऐकते.

हुक हलत असताना नजर हुकावर असावी, हा क्रेनवाल्याचा पहिला नियम. येळवंडे टॅबलेटकडे बघत आहेत.

आज साडेदहाला त्यांची परीक्षा आहे, तिसरी. आधीच्या दोन परीक्षांत ते नापास झाले. कंपनीच्या नियमात चौथी परीक्षा नाही. पास झाले तर क्रेन पुन्हा त्यांच्या ताब्यात येईल. नाही झाले तर एकवीस वर्षं केलेलं काम सुटेल.

येळवंडे एक्कावन्न वर्षांचे आहेत, निघोज्याचे. घरची जमीन होती, आता तिच्यावर टायरचं गोदाम आहे. गोदामाच्या भिंतीशेजारून रोज जाताना ते तिकडं बघतातच असं नाही. पंचविशीत या कंपनीत लागले, आधी हेल्पर म्हणून, मग क्रेनवर. शेडमध्ये मोटारींच्या दरवाजांचे पत्रे दाबून काढतात. पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा म्हणजे डाय, ती चार टनांची असते. पार्ट बदलला की डाय बदलायची. जुनी उचलायची, रॅकवर ठेवायची, नवी आणून प्रेसमध्ये बसवायची. हे काम क्रेनवाला आणि इशारेवाला असे दोघं मिळून करतात. इशारेवाला डायजवळ उभा राहून हाताने सांगतो, क्रेनवाला लांबून करतो.

या दोघांची तोंडं एकमेकांकडे असतात. एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं. त्यामुळे या शेडमध्ये डावं-उजवं कुणी म्हणत नाही. एका बाजूला गेट आहे, दुसऱ्या बाजूच्या खिडक्यांतून भामचंद्राचा डोंगर दिसतो, तिसरीकडे रॅक, चौथीकडे प्रेस. गेटकडे घे, डोंगराकडे घे, असंच बोलतात. नवीन लागलेल्या माणसाला आधी हे शिकवतात, मग कॅन्टीन कुठं आहे ते.

आधी क्रेनला पेंडंट होता. जाड केबलला लोंबकळणारा पिवळा डबा, त्याला रबरी फुगीर बटणं. त्यांच्यावरची अक्षरं कधीच पुसली गेली होती. येळवंडेंना ती लागत नव्हती. अंगठा बटणावरून फिरायचा आणि थांबायचा तिथं थांबायचा. डोळे हुकावर. पुण्याहून पाहुणे आले की मॅनेजर त्यांना मुद्दाम दाखवायचे, चार टनांची डाय पाण्याचा पेला ठेवावा तशी खाली ठेवणारा माणूस. येळवंडेंच्या पत्नी कुसुमताई सांगतात, "झोपेतबी अंगठा हलायचा यांचा. म्या म्हनायची, कुठं घेऊन चाललाय मला, रॅककडं का गेटाकडं?"

इशाऱ्यावर तेरा वर्षं गोरक्ष गर्जे होता. तो पाथर्डीचा, राहायला चिखलीत. येळवंडेंना तो दादा म्हणतो. बोलका माणूस. डाय हवेत असतानाही त्याची बडबड चालू असायची, फक्त हात कधी चुकीचा हलायचा नाही.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला पेंडंट जाऊन टॅबलेट आला. कारण योग्य होतं. पेंडंटच्या केबलमुळे क्रेनवाल्याला ओझ्याच्या जवळून चालावं लागायचं. टॅबलेट बिनतारी होता, लांब उभं राहता येणार होतं. तो बसवायला प्रज्वल नावाचा तिशीतला इंजिनिअर आला होता, एका छोट्या सॉफ्टवेअर फर्मचा. तो दोन दिवस शेडमध्ये नुसता उभा राहिला आणि सगळं ऐकलं. तिसऱ्या दिवशी बटणांवर मराठीत शब्द आले: गेटकडे, डोंगराकडे, रॅककडे, प्रेसकडे.

"आयला, डोंगरबी मोबाइलात घातला की," गोरक्ष म्हणाला. "आता टोल लावू नका म्हणजे झालं."

प्रज्वलने आणखी एक सोय दिली होती. टॅबलेट उभा धरा किंवा आडवा, बटणं आपोआप जागा बदलायची. उभा धरला की हुकाची बटणं, वर आणि खाली, उजव्या कोपऱ्यात. आडवा केला की ती दुसऱ्या कडेला जायची आणि त्यांच्या आधीच्या जागी क्रेन सरकवायची बटणं यायची, दोन्ही अंगठ्यांखाली सगळं यावं म्हणून. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. लहान हातांच्या माणसाला आडवा टॅबलेट सोपा जातो. वर्षाली त्या वेळी आयटीआय करून क्रेनवर नुकतीच लागली होती, ती टॅबलेट आडवाच धरायची आणि तिला काही अडचण नव्हती. ती अधूनमधून काचेकडे नजर टाकायची. तिला तसं शिकायला लागलं नव्हतं, ती काचेवरच वाढली होती.

येळवंडेंची अडचण अशी होती की काच सपाट असते. अंगठ्याला काही लागत नाही. बटण शोधायचं तर खाली बघायला हवं आणि खाली बघायचं नाही हे त्यांच्या अंगात एकवीस वर्षं मुरलेलं. आठवडाभर त्यांनी कसंतरी केलं. मग एक दिवस चहाच्या सुट्टीत विजेच्या तारांना लावतात ती काळी टेप घेतली, तिच्या चार-पाच घड्या घालून जाड तुकडे केले आणि काचेच्या कडेला चिकटवले. वरच्या बटणाशेजारी एक, खालच्याशेजारी दोन. अंगठा कडेवरून फिरवला की उंचवटा लागायचा. शेजारी बटण.

हे त्यांनी लपवून केलं नाही. सगळ्यांनी बघितलं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण ते टॅबलेट नेहमी उभाच धरायचे. टेप काचेला चिकटलेली होती. बटणं काचेला चिकटलेली नव्हती. या दोन गोष्टींमधला फरक सात महिने कुणाच्या लक्षात आला नाही.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी दुपारी दोन नंबरच्या प्रेसमध्ये डाय बसवायचं काम चालू होतं. डाय बोटभर वर लटकत होती. तिच्याखालचा लाकडी ठोकळा अडकला होता आणि गोरक्ष तो उजव्या हाताने ओढत होता. ओझं लटकत असताना हात तिथं घालायचा नसतो. सगळे घालतात. गोरक्षने डाव्या हाताचं बोट वर केलं: वर घे. येळवंडे फट बघायला पुढे वाकले. वाकताना पोटाशी उभा असलेला टॅबलेट एका अंगाला कलला, आडवा झाला आणि स्क्रीन फिरली. येळवंडेंची नजर डायवर होती, जिथं असायला हवी तिथंच. अंगठ्याला टेपचा उंचवटा लागला. त्यांनी दाबलं.

डाय वर गेली नाही. डोंगराकडे सरकली, वीतभर. त्यांनी तत्काळ अंगठा उचलला आणि क्रेन थांबली. गोरक्षचा हात डाय आणि तिला अडवणाऱ्या प्रेसच्या लोखंडी स्टॉपरच्या मध्ये होता. तो एकदाच ओरडला, "दादा!"

उजव्या हाताची चार बोटं काढावी लागली. अंगठा राहिला.

चौकशीत तीन गोष्टी निघाल्या. स्क्रीन फिरू नये म्हणून असलेलं कुलूप कुणी लावलं नव्हतं. यंत्रावर विनापरवानगी टेप लावलेली होती. लटकत्या ओझ्याखाली हात होता. तिन्ही खऱ्या होत्या. प्रज्वल आला, त्याने तो टॅबलेट मागून घेतला आणि बराच वेळ उभा-आडवा करून बघत राहिला. स्क्रीन फिरल्यावर अर्धा सेकंद सगळी बटणं मुकी राहतात, अशी खबरदारी त्याने ठेवली होती. दाबलेलं बोट चुकीच्या बटणावर जाऊ नये म्हणून. पण येळवंडेंनी आधी दाबून ठेवलेलं नव्हतं. स्क्रीन फिरून झाली होती, मग त्यांनी दाबलं.

"काका, तुम्ही मला एकदा सांगायचं होतं, हाताला लागत नाही म्हणून," प्रज्वल म्हणाला.

"तुमाला कसं सांगायचं? तुमी एवढं डोंगराचं नाव घातलं," येळवंडे म्हणाले.

महिन्याभरात नवा टॅबलेट आला. त्याची स्क्रीन फिरत नाही. कव्हरच्या रबराला बटणांशेजारी उंचवटे ओतलेले आहेत, वरच्याला एक, खालच्याला दोन. आता हातात घेणाऱ्या कुणाच्याही अंगठ्याला ते बरोबर लागतात.

येळवंडेंना क्रेनवरून उतरवलं होतं, कुठल्याही अपघातानंतर उतरवतात तसं. परत चढायचं तर परीक्षा द्यायची. डाय रॅकवरून उचलून प्रेसपर्यंत न्यायची, बसवायची, आणि ती हलत असेतोवर नजर तिच्यावरून काढायची नाही. जानेवारीत पहिली परीक्षा झाली. येळवंडेंनी डाय उत्तम बसवली आणि सगळा वेळ काचेकडे बघितलं. फेब्रुवारीत दुसरी. तेच. टॅबलेट आता फिरत नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतः तो उलटा-सुलटा करून बघितला होता. मान तरी खाली जायची.

गोरक्ष फेब्रुवारीच्या शेवटी कामावर परतला. त्याला हलकं काम देऊ केलं होतं, त्याने इशाराच मागितला. आता तो डाव्या हाताने इशारे करतो, गळ्यात शिट्टी असते आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत पाय टाकायची त्याला परवानगी नाही. उजवा हात खिशात ठेवायची सवय त्याने लावून घेतली आहे. थंडीत तो दुखतो, असं त्याची बायको पुनम सांगते. तो स्वतः सांगत नाही.

तिसऱ्या परीक्षेला इशाऱ्यावर कोण हे ठरवायचं होतं. सेफ्टी ऑफिसर तेजस्विनी यांनी दुसऱ्या शेडचा माणूस आणायचं सुचवलं. गोरक्ष अडून बसला.

"मॅडम, दुसरा कशाला? दादाला माझ्या हाताची सवय आहे. मीच उभा राहतो. मी समोर दिसलो म्हणजे त्याला धीर येईल."

"येळवंडे, तुम्हाला चालेल?"

येळवंडे म्हणाले, "चालंल की."

साडेनऊला चहा झाला. कॅन्टीनमध्ये गोरक्ष त्यांच्यासमोर बसला आणि डाव्या हाताने बिस्कीट बुडवून खाऊ लागला.

"दादा, आज नीट कर हां. माझं जे उरलंय ते मला अजून लागणारे."

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. येळवंडेही हसले, थोडं उशिरा.

"आणि पास झाला की पार्टी. निघोज्याचं मटण. वहिनीला सांगून ठेव."

"आधी हू तर दे."

"होतंय रे. काय अवघड आहे? माझ्याकडं बघायचं फक्त. पोरीकडं बघतोस का कधी मोबाइल बघत? नाही ना?"

"कुठल्या पोरीकडं बघितलं म्या?"

"तेच म्हणतोय. सवय नाही तुला."

साडेदहाला तेजस्विनी आल्या. हातात काही कागद नव्हते. त्या पिवळ्या पट्ट्याबाहेर, दोघंही दिसतील अशा जागी उभ्या राहिल्या. रोज क्रेन चालवणारी वर्षाली टॅबलेट येळवंडेंच्या हातात देऊन मागे झाली. गोरक्ष प्रेसजवळ गेला, डावा हात वर केला, बोट गोल फिरवलं. वर.

येळवंडेंनी अंगठा कडेवरून नेला. उंचवटा लागला. नजर हुकावर. डाय रॅकवरून सुटली आणि सरळ वर गेली, हलली नाही की डुलली नाही.

गोरक्षने हात प्रेसकडे केला. डाय निघाली. येळवंडे तिच्याबरोबर चालू लागले, मान वर, टॅबलेट पोटाशी. शेडमधल्या तीन प्रेस चालू होत्या तरी आजूबाजूचे चार-सहा जण काम थांबवून बघत होते. पूर्ण शेडभर चालून ते दोन नंबरच्या प्रेसपर्यंत आले आणि त्यांनी एकदाही खाली बघितलं नाही. तेजस्विनींनी मान हलवली, स्वतःशीच. आता डाय खाली उतरवून बसवायची एवढंच राहिलं होतं.

"ये, ये, ये," गोरक्ष म्हणत होता, "लाजू नको, सासर आहे तिचं."

डाय उतरत गेली. बोटभर राहिली तेव्हा तिच्या एका बाजूचा खुंटा प्रेसच्या भोकात बसत नाहीये हे गोरक्षला दिसलं. त्यात विशेष काही नव्हतं. दहातल्या चार वेळा असं होतं. थोडं वर घ्यायचं, सरळ करायचं, पुन्हा सोडायचं. त्याने डाव्या हाताचं बोट वर केलं. वर घे. आणि खुंट्याकडे दाखवायला, बोलता-बोलता, त्याचा उजवा हात खिशातून बाहेर आला.

येळवंडेंनी खाली बघितलं.

त्यांनी काचेवरचा 'वर' हा शब्द बघितला. वर बघितलं. पुन्हा खाली बघितलं. गोरक्षचं बोट वरच होतं. तो आता बोलत नव्हता. येळवंडेंचा अंगठा बटणावर होता आणि दाबला जात नव्हता. मग त्यांनी काचेवरची नजर न काढता दाबलं. डाय वर गेली, बरोबर जितकी जायला हवी होती तितकी. खुंटा सरळ झाला. काचेकडे बघतच त्यांनी ती खाली सोडली आणि ती बसली. बसल्याचा आवाज नेहमीसारखा, जड आणि लहान.



"बघितलं म्या," येळवंडे म्हणाले. "लिवा, मॅडम."

"येळवंडे..." तेजस्विनी म्हणाल्या.

गोरक्ष पट्ट्याबाहेरून वळसा घालून आला. "मॅडम, डाय बसली ना? एक मिलिमीटर तरी फरक आहे का? बघा की मोजून. मग कशाला नापास?"

"डाय बसली. पण शेवटी तुम्ही इशारा बदलला असता तर? थांब म्हणून मूठ दाखवली असती तर? त्यांना दिसली नसती, गोरक्ष. तुम्हाला माहीत आहे ते."

"मी शिट्टी मारली असती."

"तीन प्रेस चालू असताना?"

गोरक्षने शिट्टी हातात धरली आणि सोडून दिली. तेजस्विनींचं म्हणणं बरोबर होतं आणि तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते कळत होतं, येळवंडेंना सगळ्यांत आधी कळलं होतं.

त्यांनी टॅबलेट वर्षालीकडे दिला. "चार्जिंग कमी झालंय ह्याचं. जेवायच्या सुट्टीत लाव."

"हो, काका."

"आन् त्या डायचा खुंटा झिजलाय. मेंटेनन्सला सांग."

"सांगते."

मग तिने टॅबलेट उभा धरला आणि हुक मोकळा करायला गेली.

जेवणाच्या सुट्टीत येळवंडे कॅन्टीनला गेले नाहीत. रॅकच्या मागे, खिडकीखालच्या लोखंडी बाकावर डबा उघडून बसले. कुसुमताईंनी भाकरी आणि वांग्याची भाजी दिली होती. थोड्या वेळाने गोरक्ष आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. आज त्याने चेष्टा केली नाही.

"शेवटपर्यंत बरोबर चाललं होतं, दादा. अख्खी शेड चाललास. एकदाबी नाही बघितलं."

"व्हय."

"मग शेवटी काय झालं?"

येळवंडेंनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तसाच डब्यात ठेवला. "मान जातीया. कळत न्हाई."

गोरक्ष समोरच्या रॅककडे बघत होता. त्याचा उजवा हात पुन्हा खिशात होता. तेजस्विनींनी दुसरा माणूस सुचवला होता ते त्याला आठवत असावं, कारण त्याने विचारलं,

"मी नसतो तिथं, तर?"

"तसं काय न्हाई."

"खरं सांग."

"न्हाई म्हनलं ना. जेव."

गोरक्षने डबा आणला नव्हता. येळवंडेंनी अर्धी भाकरी त्याच्याकडे सरकवली. त्याने ती घेतली नाही आणि परतही केली नाही. दोघांच्या मध्ये, डब्याच्या झाकणावर ती तशीच राहिली. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तेव्हा गोरक्ष उठला, "पाच वाजता थांब, सोबत जाऊ," म्हणाला आणि गेला. येळवंडे पाचपर्यंत थांबले नाहीत. तेजस्विनींनी त्यांना त्या दिवशी लवकर जायची परवानगी दिली होती, त्यांनी मागितली नसताना.

घरी आल्यावर त्यांनी कुसुमताईंना एका वाक्यात सांगितलं. पार्टीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मटण आणलेलं नव्हतं. संध्याकाळी गोरक्षचे दोन फोन आले. पहिला येळवंडेंनी उचलला नाही. दुसरा कुसुमताईंनी उचलला. त्या म्हणाल्या, "भावजी, ते झोपलेत." येळवंडे ओट्यावर बसून होते आणि हे त्यांना ऐकू येत होतं.

संध्याकाळी शेडच्या दारावर दुसऱ्या दिवसाची ड्यूटी लागली. उद्या पहिल्या शिफ्टला, सकाळी सात वाजता, तीन नंबरच्या प्रेसवर डाय बदलायची आहे. क्रेनवर वर्षाली आहे, इशाऱ्यावर गोरक्ष गर्जे. सयाजी येळवंडे यांची ड्यूटी स्टोअरमध्ये आहे, जनरल शिफ्ट, साडेआठ ते पाच. स्टोअर वेगळ्या इमारतीत आहे, गेटच्या पलीकडे.